सर रोनाल्ड रॉस : हिवतापाचे कोडे उलगडणारे संशोधक

प्रस्तावना

थंडी वाजून येणे, अंगाला कापरे भरणे, मग सपाटून ताप चढणे आणि शेवटी दरदरून घाम सुटून तो उतरणे, ही हिवतापाची लक्षणे आपल्या परिचयाची आहेत. हिवतापालाच आपण मलेरिया असेही म्हणतो. हा रोग डासामुळे पसरतो, हे आज शाळेत जाणारे मूलही सांगते. पण सव्वाशे वर्षांपूर्वी ही गोष्ट जगात कोणालाही निश्चितपणे माहीत नव्हती. दलदलीतून उठणारी दूषित हवा अंगाला लागली की हा ताप येतो, असा समज सर्वत्र होता. 'मलेरिया' या मूळ इटालियन शब्दाचा अर्थच 'वाईट हवा' असा आहे. हा समज खोटा ठरवणारा शोध आपल्याच देशात, सिकंदराबाद आणि कोलकाता या शहरांत लागला. तो लावणाऱ्या सर रोनाल्ड रॉस यांच्या जीवनाचा आणि कार्याचा परिचय आपण या पाठात करून घेणार आहोत.

बालपण आणि शिक्षण

रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयाच्या कुशीतील अल्मोडा येथे झाला. मेरठच्या छावणीत उठावाची ठिणगी पडून त्या वेळी अवघे तीन दिवस झाले होते. त्यांचे वडील ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यात अधिकारी होते. दहा भावंडांत रोनाल्ड सर्वांत थोरले. त्या काळच्या इंग्रज कुटुंबांच्या रिवाजाप्रमाणे आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. आईवडिलांपासून हजारो मैल दूर, वाइट नावाच्या बेटावर त्यांचे बालपण गेले.

मुलाला चित्रकला, संगीत, काव्य आणि गणित यांची विलक्षण ओढ होती. आपण लेखक किंवा चित्रकार व्हावे असे त्याला वाटे. वडिलांची इच्छा मात्र वेगळी होती. मुलाने वैद्यकाचे शिक्षण घेऊन भारतीय वैद्यकीय सेवेत दाखल व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. वडिलांच्या शब्दाखातर रोनाल्ड यांनी १८७४ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात प्रवेश घेतला. परंतु मन अभ्यासात रमेना. अभ्यासाचा बराचसा वेळ कविता आणि नाटके लिहिण्यात जाई. १८७९ साली शल्यवैद्यकाची परीक्षा ते उत्तीर्ण झाले, पण दुसऱ्या एका आवश्यक परीक्षेत त्यांना अपयश आले. काही काळ जहाजावर डॉक्टर म्हणून काम करून त्यांनी पुन्हा अभ्यास केला आणि १८८१ साली भारतीय वैद्यकीय सेवेत प्रवेश मिळवला. त्याच वर्षी ते भारतात परतले. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या या संशोधकाने तरुणपणी संशोधनाचा विचारही केला नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

भारतीय वैद्यकीय सेवेत

रॉस यांची नेमणूक मद्रास इलाख्यात झाली. लष्करी रुग्णालयातील काम फारसे जड नव्हते. फावल्या वेळात ते गणिताचा अभ्यास करीत आणि कथा-कविता लिहीत. १८८३ साली बंगलोरला असताना एक लहानशी घटना घडली. त्यांच्या बंगल्यात डासांचा फार उपद्रव होता. कारण शोधता शोधता खिडकीजवळ ठेवलेल्या पाण्याच्या पिंपात त्यांना वळवळणाऱ्या असंख्य अळ्या दिसल्या. पिंप रिकामे करताच डास कमी झाले. साचलेले पाणी काढून टाकले तर डास हटवता येतात, हा धडा त्यांना येथे मिळाला. डासांचा हिवतापाशी काही संबंध असेल, याची मात्र त्या वेळी त्यांना कल्पना नव्हती.

सभोवती रोगराईने माणसे दगावत होती. सैनिक, मजूर, शेतकरी, लहान मुले, कोणीही हिवतापातून सुटत नसे. सिंकोना झाडाच्या सालीपासून मिळणारे क्विनीन हे एवढे एकच खात्रीचे औषध होते. रोग कशाने होतो हेच ठाऊक नसल्यामुळे त्याला अटकाव करणे शक्य नव्हते. हे दुःख पाहून रॉस हळूहळू अस्वस्थ होऊ लागले. १८८८ साली रजेवर इंग्लंडला गेले असता त्यांनी सार्वजनिक आरोग्यशास्त्राची पदविका मिळवली आणि जंतुशास्त्राचे शिक्षण घेतले. १८८९ साली रोझा ब्लॉक्सम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

गुरूची भेट

हिवतापाचे कारण शोधण्याच्या दिशेने पहिले मोठे पाऊल १८८० साली पडले होते. आल्जेरियातील कॉन्स्टंटाइन येथील लष्करी रुग्णालयात आल्फाँस लाव्हरान या फ्रेंच डॉक्टरांनी एका रुग्णाच्या रक्तात हालचाल करणारे सूक्ष्म जीव पाहिले. हे जीव तांबड्या रक्तपेशींत शिरून त्यांच्यावर पोसले जात होते. दुसऱ्या सजीवाच्या शरीरात राहून त्याच्यावर जगणाऱ्या अशा जीवाला परजीवी म्हणतात. हिवतापाचा परजीवी रक्तपेशीतील लाल द्रव्य खातो आणि त्यातून उरलेला चोथा काळसर कणांच्या रूपाने त्याच्या शरीरात साठतो. हे काळे कण म्हणजे जणू त्याची ओळखीची खूणच होय. पुढे इटलीतील कामिलो गोल्जी यांनी एक दिवसाआड येणारा ताप आणि दोन दिवसांच्या अंतराने येणारा ताप यांचे परजीवी वेगवेगळे असतात, हे दाखवून दिले. हिवताप हा एकाच परजीवीचा रोग नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले.

रॉस यांनीही भारतात अनेक रुग्णांचे रक्त तपासले होते. परंतु त्यांना परजीवी दिसला नव्हता. त्यामुळे लाव्हरान यांच्या शोधाविषयी त्यांना शंका होती. १८९४ साली ते पुन्हा लंडनला गेले आणि डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांना भेटले. मॅन्सन यांनी चीनमध्ये असताना हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी डासाच्या शरीरात वाढतात, हे शोधून काढले होते. त्यांनी रॉस यांना हिवतापाच्या रुग्णाचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. कोयरीसारखे वाकडे, काळे कण बाळगणारे परजीवी रॉस यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि त्यांची शंका फिटली. हे परजीवीही डासाच्या शरीरात वाढत असावेत, असा मॅन्सन यांचा कयास होता. मात्र डास रक्त पिऊन पाण्यात मरतो आणि ते पाणी प्याल्याने माणसाला ताप येतो, अशी त्यांची समजूत होती. कयास अर्धा बरोबर होता आणि अर्धा चूक. त्यातील खरे आणि खोटे निवडण्याचे काम रॉस यांनी पत्करले.

सिकंदराबादचे दिवस

मार्च १८९५ मध्ये रॉस भारतात येण्यास निघाले. मुंबई बंदरात उतरताच, सामान जकातीतून सुटण्याचीही वाट न पाहता, ते हिवतापाचे रुग्ण शोधत तेथील सरकारी रुग्णालयात गेले, इतका त्यांना या कामाचा ध्यास लागला होता. पुढे सिकंदराबादच्या छावणीत त्यांचे खरे काम सुरू झाले. रुग्णाला मच्छरदाणीत झोपवायचे, आत डास सोडायचे, रक्त प्यालेले डास बाटलीत जपून ठेवायचे आणि काही दिवसांनी एकेका डासाचे विच्छेदन करून त्याचे जठर सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे, असा त्यांचा क्रम असे. डास मेलेले पाणी पाजूनही त्यांनी प्रयोग केले; पण अशा पाण्याने हिवताप होतो असे सिद्ध झाले नाही. माणसांवर असे प्रयोग करण्यापूर्वी आज जी काळजी घेतली जाते, जी परवानगी लागते, तिचे नियम त्या काळी नव्हते.

दोन वर्षे उलटली तरी यश येईना. मधला बराच काळ पटकीच्या साथीचे काम करण्यासाठी त्यांना बंगलोरला घालवावा लागला. डासांच्या जाती कोणत्या आणि त्या कशा ओळखाव्यात, याची माहिती देणारे पुस्तकही त्यांच्याजवळ नव्हते. ते करड्या रंगाचे आणि पट्टेदार पायांचे डास तपासत राहिले. आज आपल्याला माहीत आहे की हे डास क्युलेक्स आणि एडिस या जातींचे होते आणि त्यांच्या शरीरात माणसाच्या हिवतापाचा परजीवी वाढतच नाही. शोध बरोबर दिशेने चालला होता. डास मात्र चुकीचे होते. १८९७ साली उटीजवळच्या सिगूर घाटात गेले असताना रॉस यांना स्वतःलाच हिवतापाने गाठले. तेथे त्यांना पंखांवर ठिपके असलेला एक वेगळा डास दिसला. भिंतीवर बसताना तो शेपटीकडचा भाग वर उचलून बसत असे. ही नोंद पुढे मोलाची ठरली.

२० ऑगस्ट १८९७

जून १८९७ मध्ये रॉस सिकंदराबादला परतले. बेगमपेठ येथील लहानशा रुग्णालयात त्यांनी पुन्हा काम सुरू केले. उकाडा असह्य होता. पंखा चालवावा तर वाऱ्याने डासांचे नाजूक अवयव उडून जात. म्हणून पंखा बंद ठेवून ते तासन्‌तास बसत. कपाळावरून आणि हातांवरून ओघळणाऱ्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते आणि नेत्रभिंगाला तडा गेला होता.

ऑगस्टच्या मध्यास त्यांच्या मदतनीसाने आणलेल्या अळ्यांतून ठिपकेदार पंखांचे तपकिरी डास बाहेर पडले. हुसेन खान नावाचा हिवतापाचा एक रुग्ण त्यांचा चावा घेऊ देण्यास तयार झाला. चावणाऱ्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा देण्याचे ठरले. १६ ऑगस्ट रोजी डासांनी त्याचे रक्त प्याले. त्यातले काही डास मेले, काही लगेच तपासले गेले. त्यांत काहीच आढळले नाही. २० ऑगस्टला मोजकेच डास शिल्लक होते. दुपारी रॉस यांनी त्यांपैकी एका डासाचे विच्छेदन केले. जठराचा बहुतेक भाग तपासून झाला होता. डोळे थकले होते. तेवढ्यात जठराच्या भिंतीत त्यांना एक गोल पेशी दिसली. ती डासाच्या नेहमीच्या पेशींपेक्षा वेगळी होती आणि तिच्यात काळे कण होते. रुग्णाच्या रक्तातील परजीवीत जे कण ते रोज पाहत, तेच हे कण. परजीवीने स्वतःची खूण डासाच्या शरीरात ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच गटातील आणखी एका डासाचे विच्छेदन केले. त्यातही तशाच पेशी होत्या आणि त्या आदल्या दिवशीच्या पेशींपेक्षा मोठ्या होत्या. याचा अर्थ परजीवी डासाच्या शरीरात नुसता टिकत नव्हता, तर वाढत होता. आनंदाच्या भरात रॉस यांनी या शोधावर कविताही लिहिली. या दोन डासांविषयीचा त्यांचा लेख १८ डिसेंबर १८९७ रोजी ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २० ऑगस्ट हा दिवस आजही जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो.

कोलकात्यातील प्रयोग

शोध अर्ध्यावर असतानाच, सप्टेंबर महिन्यात, रॉस यांची बदली राजपुतान्यातील खेरवाडा येथे झाली. तेथे हिवतापाचे रुग्ण फारसे नव्हते. काम ठप्प झाले आणि रॉस निराश झाले. मॅन्सन यांनी लंडनहून खटपट केली, तेव्हा कुठे सरकारने १८९८ च्या आरंभी त्यांना विशेष कामासाठी कोलकात्याला पाठवले. प्रेसिडेन्सी जनरल रुग्णालयाच्या आवारातील एका लहान प्रयोगशाळेत ते काम करू लागले. महंमद बक्ष हा हुशार आणि कष्टाळू मदतनीस त्यांना येथे लाभला.

त्या वर्षी कोलकात्यात प्लेगच्या लसीची धास्ती पसरली होती. बोटाला सुई टोचून रक्त घ्यायचे म्हटले की लोक पळून जात. त्यामुळे माणसांवरील प्रयोग अशक्य झाले. रॉस यांनी वेगळी वाट धरली. पक्ष्यांनाही हिवताप होतो आणि त्याचा परजीवी माणसाच्या परजीवीसारखाच असतो, हे माहीत होते. त्यांनी चिमण्या आणि इतर लहान पक्षी पाळले व करड्या डासांना त्यांचे रक्त पिऊ दिले. दिवसागणिक एकेक डास उघडून पाहिला. डासाच्या जठरातील पेशी वाढतात, फुटतात आणि त्यांतून सुईसारखे बारीक असंख्य जीव बाहेर पडतात, हे त्यांना दिसले. पण पुढे ते कोठे जातात? जुलै १८९८ मध्ये उत्तर मिळाले. ते जीव डासाच्या लाळग्रंथींत जमा होत होते. चावताना डास आपली लाळ रक्तात सोडतो. तिच्याबरोबर परजीवीही शिरतो. रॉस यांनी असे डास निरोगी चिमण्यांवर सोडले. काही दिवसांत बहुतेक चिमण्यांच्या रक्तात परजीवी आढळले. हिवताप हवेने किंवा पाण्याने नव्हे, तर डासाच्या दंशाने पसरतो, हे सिद्ध झाले. मॅन्सन यांनी ही वार्ता त्याच महिन्यात एडिंबरो येथे भरलेल्या डॉक्टरांच्या सभेत जाहीर केली.

त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत ग्रासी, बिन्यामी आणि बास्तियानेल्ली या शास्त्रज्ञांनी माणसाच्या हिवतापाचा परजीवी अनॉफिलीस जातीच्या डासात कसा वाढतो आणि दंशाने माणसाकडे कसा जातो, हे स्पष्ट करून दाखवले. रॉस यांनी सिकंदराबादला पाहिलेला ठिपकेदार पंखांचा डास अनॉफिलीसच होता.

मान, वाद आणि पुढील कार्य

१८९९ साली रॉस यांनी भारतीय सेवा सोडली आणि लिव्हरपूल येथे नव्याने निघालेल्या उष्ण कटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेत ते शिकवू लागले. त्याच वर्षी आफ्रिकेतील सिएरा लिओनला जाऊन त्यांनी तेथील हिवताप कोणत्या डासांमुळे पसरतो, हे शोधले. पाणी साचू न देणे आणि डासांच्या अळ्या नष्ट करणे, हा हिवताप रोखण्याचा मार्ग आहे, हे ते सर्वांना पटवून देऊ लागले. १९०२ साली त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले नोबेल विजेते होत. १९११ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

रॉस यांचा स्वभाव मात्र तापट होता. शोधाचे श्रेय कोणाचे, यावरून ग्रासी यांच्याशी त्यांचा कडवट वाद झाला आणि तो अनेक वर्षे चालला. आपल्या श्रमांचे योग्य मोल झाले नाही, ही खंत त्यांनी आयुष्यभर बाळगली. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच त्यांचा थोरला मुलगा रणांगणावर मारला गेला. मोठ्या माणसांच्या जीवनातही उणिवा आणि दुःखे असतात. म्हणून त्यांच्या कार्याचे मोल कमी होत नाही.

बालपणापासून आवडणारे गणित त्यांना उतारवयात उपयोगी पडले. १९०७-०८ साली मॉरिशसमधील हिवतापाचा अभ्यास करताना त्यांनी डासांची संख्या, रुग्णांची संख्या आणि रोगाचा प्रसार यांचे नाते गणिताने मांडले. हिवताप नाहीसा करण्यासाठी शेवटचा डास मारावा लागत नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी रोग आपोआप ओसरतो, असे त्यांनी दाखवले. साथीच्या रोगांचा गणिताने अभ्यास करण्याची जी शाखा आज जगभर वापरली जाते, तिच्या प्रारंभीच्या प्रवर्तकांत रॉस यांची गणना होते.

रक्ताचा जाड थेंब

रॉस यांचे आणखी एक काम फारसे कोणाला माहीत नसते, पण त्याचा लाभ आपल्यापैकी अनेकांनी घेतलेला असतो. रुग्णाच्या रक्तात परजीवी फार थोडे असले, तर काचपट्टीवर पातळ पसरलेल्या रक्तात ते शोधूनही सापडत नाहीत. रॉस यांना सुरुवातीच्या काळात आलेल्या अपयशाचा अनुभव याच प्रकारचा होता. १९०३ साली त्यांनी यावर एक सोपा उपाय सुचवला. रक्त पातळ न पसरता त्याचा जाड थेंब काचपट्टीवर सुकवायचा, पाण्याने त्यातील लाल रंग धुऊन टाकायचा आणि मग त्याला रंग देऊन तपासायचे. त्यामुळे तेवढ्याच जागेत कितीतरी पट अधिक रक्त नजरेखालून जाते आणि मोजके परजीवीही सापडतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाला टोचून काचपट्टीवर जो जाड थेंब घेतला जातो, त्यामागे रॉस यांचा हाच विचार आहे.

१९२६ साली लंडनमध्ये त्यांच्या नावाने एक संस्था आणि रुग्णालय स्थापन झाले. १९२७ साली ते पुन्हा कोलकात्याला आले, तेव्हा जुन्या प्रयोगशाळेजवळ त्यांच्या शोधाचे स्मारक उभारण्यात आले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

रॉस यांच्यानंतर

रॉस गेले त्याच वर्षी त्यांच्या शोधाचा एक नवा अध्याय कोलकात्यात सुरू झाला. तेथील उष्ण कटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेत रॉबर्ट नोल्स आणि बी. एम. दासगुप्ता यांनी माकडाच्या रक्तातील हिवतापाच्या एका परजीवीचा अभ्यास केला आणि तो माणसातही वाढू शकतो, हे दाखवले. नोल्स यांच्या नावावरून त्याला प्लाझमोडियम नोलेसी असे नाव मिळाले. प्लाझमोडियम हे हिवतापाच्या सर्व परजीवींचे कुलनाम आहे. माणसात नेहमी आढळणारे परजीवी व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम हे होत. मलेरी आणि ओव्हेल हे कमी आढळतात. नोलेसी हा तर केवळ माकडांचा परजीवी मानला जाई. १९६५ साली मलेशियातून परतलेल्या एका अमेरिकन माणसात तो आढळला, तेव्हाही हा अपवाद समजला गेला.

अडचण अशी होती की सूक्ष्मदर्शकाखाली नोलेसी हुबेहूब मलेरीसारखा दिसतो. परंतु दोघांच्या स्वभावात मोठा फरक आहे. मलेरी तीन दिवसांत एकदा वाढतो आणि त्याचा ताप सहसा सौम्य असतो. नोलेसी चोवीस तासांत एकदा वाढतो. त्यामुळे रक्तातील त्याची संख्या झपाट्याने चढते आणि उपचारास उशीर झाला तर रुग्ण दगावू शकतो. मलेशियातील सारावाक प्रांतात कपित नावाच्या गावी मलेरीचे रुग्ण फार सापडत होते आणि ते अपेक्षेपेक्षा अधिक आजारी असत. बलबीर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शंका आली. त्यांनी रुग्णांच्या रक्ताची रेणवीय तपासणी केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार तपासलेल्या २०८ रुग्णांपैकी १२० जणांच्या रक्तात नोलेसी होता. डोळ्याने जे एकसारखे दिसत होते, ते प्रत्यक्षात वेगळे निघाले.

रेणवीय तपासणी म्हणजे काय? प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा लांब रेणू असतो. त्या सजीवाच्या घडणीची माहिती या रेणूत साखळीच्या रूपाने नोंदलेली असते. या साखळीचे काही भाग प्रत्येक जातीत निराळे असतात. रॉस यांनी काळ्या कणांवरून परजीवी ओळखला. आज डीएनएच्या अशा भागावरून त्याची नेमकी जात ओळखता येते. रक्ताच्या थेंबातून डीएनए वेगळा काढतात. त्यात ठरावीक जातीच्या साखळीलाच जुळणारे लहान तुकडे आणि नवी साखळी जोडणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, मिसळतात. मिश्रण तापवले की साखळीचे दोन पदर सुटे होतात. थंड केले की तुकडे आपल्या जागी चिकटतात. मग विकर उरलेली साखळी पूर्ण करते. अशा एका फेरीत एकाचे दोन होतात, दुसरीत दोनाचे चार. तीस फेऱ्यांनंतर एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक तुकडे तयार होऊ शकतात. त्या जातीचा परजीवी रक्तात नसेल, तर तुकडे चिकटत नाहीत आणि काहीच वाढत नाही. या पद्धतीला पीसीआर म्हणतात. रक्तातील अत्यल्प परजीवीही तिने सापडतात. ओव्हेल या परजीवीच्याही एकसारख्या दिसणाऱ्या दोन जाती आहेत, हे २०१० साली अशाच तपासणीने निश्चित झाले.

दुर्मिळ परजीवींची इतकी चौकशी कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे. व्हायव्हॅक्स आणि ओव्हेल हे यकृतात दडून राहतात. रक्तातील परजीवी मारले तरी काही महिन्यांनी ताप उलटतो, म्हणून त्यांना वेगळे औषध लागते. नोलेसीला वेळ देऊन चालत नाही. झटपट निकाल देणाऱ्या बहुतेक चाचणीपट्ट्या मुख्यतः फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्ससाठी बनवलेल्या असल्यामुळे दुर्मिळ जाती त्यांतून निसटू शकतात. भारताने २०३० सालापर्यंत हिवतापाचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. नेहमीचा हिवताप जसजसा कमी होईल, तसतसे हे लपून राहिलेले परजीवी शोधणे अधिक महत्त्वाचे ठरेल. अर्थात पीसीआरला सुसज्ज प्रयोगशाळा, वीज आणि प्रशिक्षित माणसे लागतात. म्हणून दूरच्या खेड्यातील पहिली तपासणी अजूनही काचपट्टी किंवा चाचणीपट्टी हीच आहे.

समारोप

रॉस यांच्याजवळ तडा गेलेले भिंग होते, डासांची पुरेशी माहिती नव्हती आणि ऐन वेळी बदलीचा हुकूम हाती पडला. तरीही त्यांनी पाहणे सोडले नाही. दोन वर्षे ते चुकीचे डास तपासत होते. कारण सगळे डास सारखेच, असे प्रथम त्यांना वाटले. डासाची जात वेगळी आहे हे ध्यानात आले, तेव्हा कोडे सुटले. परजीवींच्या बाबतीत पुढच्या संशोधकांनी तोच धडा पुन्हा गिरवला. वरवर सारखे दिसते म्हणून ते सारखेच असते असे नाही. हुसेन खानसारखे रुग्ण, महंमद बक्षसारखे मदतनीस आणि देशोदेशीचे संशोधक यांच्या हातभाराने हे ज्ञान उभे राहिले आहे. त्याचा उपयोग करणे आपल्या हाती आहे. ताप आला तर अंदाजाने गोळी न घेता रक्त तपासून घ्यावे, सांगितलेले औषध पूर्ण घ्यावे आणि घराभोवती पाणी साचू देऊ नये. बंगलोरच्या बंगल्यात एका तरुण डॉक्टराने रिकामे केलेले पिंप आपल्यालाही आज हेच सांगते.

पाठावर आधारित प्रश्न

१. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ अर्थ काय? त्यावरून त्या काळातील कोणता समज दिसून येतो?
२. मॅन्सन यांच्या कयासातील कोणता भाग बरोबर व कोणता चूक ठरला?
३. डासाच्या जठरात दिसलेली पेशी हिवतापाच्या परजीवीचीच आहे, हे रॉस यांनी कशावरून ओळखले?
४. रॉस यांनी कोलकात्यात माणसांऐवजी पक्ष्यांवर प्रयोग का केले?
५. जाड थेंबाची पद्धत आणि पीसीआर यांतील साम्य व फरक आपल्या शब्दांत लिहा.
६. आपल्या परिसरातील पाणी साचण्याच्या जागांची पाहणी करा आणि त्या दूर करण्यासाठी काय करता येईल, यावर दहा ओळी लिहा.